तीन खाचांची किल्ली

सुकापूरच्या तुळशीराम केणीने एकतीस वर्षं तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात पंप चालवले, आणि त्या एकतीस वर्षांत त्याच्या पंपाने कोणाचं नखसुद्धा घेतलं नाही. हे त्याचंच वाक्य. लग्नात, बारशाला, मयताला, जिथे चार माणसं भेटतील तिथे तो ते ऐकवायचा. त्याच्या चुलतभावांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या, शर्यतीचे बैल घेतले, गळ्यात बोटाएवढ्या जाड साखळ्या घातल्या. तुळशीरामच्या बापाने आपला तुकडा सगळ्यांच्या आधी मातीमोल भावात देऊन टाकला होता. त्यामुळे मिरवायला तुळशीरामकडे पंपच उरले होते, आणि ते त्याने मनसोक्त मिरवले.

पंप दोन. एक नंबर आणि दोन नंबर. सगळ्या कारखान्याला थंड पाणी पुरवायचं काम त्यांचं. जमिनीखाली बारा पायऱ्या उतरून पंपघर, आणि पंप चालू-बंद करायचं बटण मात्र वर, पॅनलच्या खोलीत. खालचा माणूस वरच्याला दिसत नाही आणि वरचा खालच्याला. ज्या शहाण्याने हा नकाशा काढला त्याला तुळशीराम रोज सकाळी एक शिवी द्यायचा, देवाला फूल वाहावं तशी नेमाने.

पंपांची त्याला खडान्‌खडा माहिती होती. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून तो सांगायचा की हे अजून दोन महिने जाईल. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून कुठला पंप चालू आहे ते सांगायचा. दोन नंबरच्या आवाजात एक बारीक कण्हणं होतं, ते बाकी कोणाला ऐकू येत नसे. नव्या माणसाला तो आधी पंपापुढे उकिडवं बसवायचा आणि मग तोंड सोडायचा.

“बटन दाबला का पळाली, आशी ही काय फटफटी नाय. आधी त्याच्या पोटात पानी भर. वरची कळ सोड, हवा जाऊ दे, सलग धार आली का बंद कर. कोरडा फिरवलास त जळंल. येनाऱ्या पान्याचा व्हॉल्व्ह पुरा उघडा, जानाऱ्याचा बंद. चालू झाला का मंग जानारा हळूहळू उघडायचा. आन दोनी बंद ठेवून फिरवत बसलास त आतला पानी उकळंल, मंग त्यो बॉम्ब हाय, बॉम्ब. आन ग्लँडमधून थेंब थेंब गळतंय म्हनून लगेच आवळू नको. दांडा फिरतंय तिथं त्याला घाम येऊ दे जरा.”

आणि सगळ्यात शेवटी कुलूप. पंपाला हात लावायच्या आधी वर जायचं, त्या पंपाचा मेन स्विच पाडायचा, त्याच्या कडीला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या करगोट्याला बांधायची. ज्याचं कुलूप त्याचीच किल्ली. ज्याने लावलं त्यानेच काढायचं, मग मालक येवो नाहीतर मालकाचा बाप. तुळशीरामने प्रत्येकाच्या किल्लीवर स्वतः कानशीने खाचा पाडून दिल्या होत्या, म्हणजे अंधारातसुद्धा बोटाला कळावं कोणाची आहे ती. त्याची स्वतःची एका खाचेची. कुलपांबरोबर आलेल्या दुसऱ्या किल्ल्या कंपनीने ऑफिसात ठेवल्या होत्या. त्या त्याने एक दिवस सगळ्यांदेखत मागून घेतल्या आणि कासाडीच्या पुलावरून नदीत भिरकावल्या. मॅनेजर कर्णिक साहेबांनी मेमो दिला. तो मेमो त्याने घरात देवाच्या फळीवर ठेवला होता.

तीन खाचांची किल्ली काशिराम नाखव्याची. काशिराम उरणच्या खाडीकाठचा कोळी. बापाची होडी गेली, खाडीचा किनारा भरावाखाली गेला, तसा तो बायको जनीला घेऊन जासईला भाड्याने राहायला आला आणि कंत्राटदाराकडे फिटर म्हणून लागला. चाळिशीचा, सावळा, कमी बोलणारा, हाताला गुण असलेला. आठ वर्षांपूर्वी त्याने कुलूप न लावता दोन नंबरच्या मोटर आणि पंपाच्या जोडात, कपलिंगमध्ये हात घातला होता, आणि तुळशीरामने त्याला भर पंपघरात सणसणीत मुस्काटात दिली होती. गाल दोन दिवस सुजला होता. जनीने त्या हाताला हजार शिव्या घातल्या. पण काशिराम तिला म्हणाला, “गाल गेला त जाऊ दे. हात रायला ना?” तेव्हापासून पंप पुसायचा असला तरी तो आधी कुलूप लावायचा. पोरं चेष्टा करायची, नाखवा, जेवताना डब्याला पण लाव की. काशिराम हसायचा आणि तुळशीरामच्या, म्हणजे सगळ्यांच्या नानाच्या भरवशावर म्हणायचा, “तुमाला काय कळतंय? नाना हाय तवर माजा कुलूप कोन तोडतंय?”

त्या वर्षी दिवाळी झाली की तुळशीराम निवृत्त होणार होता. त्याचा मुलगा हृतिक तीन वर्षं त्याच कारखान्यात कंत्राटी होता. वय चोवीस, केस कमावलेले, कामात बापाएवढा नाही पण वाईटही नाही. त्याचं लग्न मोनालीशी ठरल्यात जमा होतं, पण तिचा बाप करंजाड्याचा, हिशेबी माणूस. “कंत्राटी पोऱ्याला मी पोरगी देनार नाय,” त्याने तोंडावर सांगितलं होतं. “पर्मनंटचा कागद दाखवा, दुसऱ्या दिवशी साखरपुडा.” तुळशीरामची बायको गुणाबाई रोज भाकरी थापता थापता तेवढंच विचारायची, कागद कवा देतान? अखेर मालक परेशशेठनी शब्द दिला. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, तेव्हा सगळ्यांसमोर हृतिकच्या हातात कागद देऊ. बापाची जागा मुलाला.

या पूजेची त्या कारखान्यात एक रीत होती. त्या दिवशी काम बंद. पंप धुऊन पुसून झेंडूचे हार घालायचे, कपलिंगवरचं लोखंडी झाकण काढून फिरत्या भागाला हळदकुंकू लावायचं. मग शेठ पॅनलच्या खोलीत नारळ वाढवणार आणि स्वतःच्या हाताने दोन्ही हिरवी बटणं दाबणार. दोन-दोन सेकंद पंप फिरवायचे आणि बंद करायचे. शेठचा विश्वास असा की त्या दिवशी जे यंत्र फिरलं नाही ते वर्षभर रडतं. तुळशीराम दरवर्षी दुरुस्तीची सगळी कामं आदल्या दिवशीच उरकून घ्यायचा, म्हणजे पूजेच्या दिवशी स्विचवर कोणाचं कुलूप नको.

नेमकी त्याच वर्षी, आदल्या संध्याकाळी, दोन नंबरची ग्लँड धार लावून गळायला लागली.

खंडेनवमीला काशिराम सकाळी सातलाच आला. वर जाऊन स्विच पाडला, कुलूप घातलं, किल्ली करगोट्याला बांधली. ग्लँडमधली पाणी अडवणारी जुनी दोरी काढली, नवी कापून एकेक वळसा बसवला, सांधा सांध्यावर येऊ न देता. काम देखणं झालं. पण कपलिंग उघडून पाहिलं तर आतली रबरं झिजलेली. “नाना, चार रबरं बदलली का झाला,” तो म्हणाला. तुळशीरामने घड्याळ पाहिलं. साडेनऊ. शेठ साडेअकराला यायचे होते. “स्टोअरला जा, घेऊन ये. आरामात लाव,” तुळशीराम म्हणाला, आणि फुलांचे हार कुठे अडकले ते बघायला गेटकडे निघाला.

शेठ सव्वादहालाच आले. त्यांना पुढे सुरतेला जायचं होतं. बरोबर बायको, भटजी, मिठाईचे खोके. गेटपासून पंपघरापर्यंत खालूबाजा लावलेला, ढोल आणि सनया अशा कडाडत होत्या की शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागत होतं. हृतिकने पांढराशुभ्र शर्ट घातला होता, गुणाबाईने स्वतः इस्त्री केलेला. शेठच्या कोटाच्या खिशातून लांबट पाकिटाचं टोक बाहेर आलं होतं. तुळशीरामचे डोळे पहिल्यांदा तिथेच गेले.

पॅनलच्या खोलीत भटजींनी मंत्र म्हटले. शेठ नारळ हातात घेऊन वळले, आणि त्यांना दोन नंबरच्या स्विचवर लाल कुलूप दिसलं.

“ये ताळा कसला?” शेठ म्हणाले.

“काम चालू हाय शेठ,” तुळशीराम म्हणाला. “फिटर रबरं आनाला गेलाय. अर्धा तास द्या.”

“अर्धा तास नाय माझ्याकडे.”

“बांधलेल्या यंत्राची पूजा?” शेठच्या बायकोने भटजींकडे पाहिलं. भटजींना गाडीभाड्यापासून दक्षिणेपर्यंत सगळं शेठकडूनच मिळायचं होतं. त्यांनी मान हलवली. शुभ नाही म्हणाले.

कर्णिक साहेबांनी तुळशीरामला खांद्याला धरून बाजूला नेलं. “नाना, फोन लावा त्याला.”

“फोन गेटवर जमा असतान सगळ्यांचे, साहेब. नियम हाय.” तो नियमही तुळशीरामनेच भांडून करून घेतला होता.

“मग कापा. तुम्हीच कापा, तुमच्या हाताने कापलं तर कोणी काही बोलणार नाही. दोन सेकंदाचा तर प्रश्न आहे. शेठ चिडून निघून गेले तर पाकीट खिशातच जाईल, आणि पुढच्या वर्षी तुम्ही इथे नसाल.”

नाही म्हणायला तुळशीरामला एक शब्द पुरे होता. तो शब्द त्याने एकतीस वर्षांत शंभरदा वापरला होता, मेमो घेतले होते, पगारवाढ गमावली होती. पण तेव्हा जायचं ते त्याचं स्वतःचं जायचं. त्याने हृतिकला जवळ ओढलं आणि त्याच्या कानात ओरडून सांगितलं, “खाली जा. काशिराम हाय का बघ. पुरा खाली उतर.”

हृतिक गेला. मिनिटभराने आला. “कोन नाय खाली,” त्याने बापाच्या कानात सांगितलं.

तुळशीरामने त्याच्या पायांकडे पाहिलं. पंपघर सकाळीच धुतलं होतं, शिवाय ग्लँड उघडल्यावर खाली सगळं पाणीच पाणी झालं होतं. तिथे उतरलेल्या माणसाचे बूट ओले असायला हवेत. हृतिकचे बूट नवे होते, काळे, आणि कोरडे ठणठणीत होते.

हे त्याने पाहिलं. नंतर कित्येक महिने तो स्वतःला सांगत राहिला की त्याने पाहिलं नाही, पण त्याने पाहिलं होतं. मग त्याने कपाटातून मोठा कटर काढला, कुलपाच्या कडीला लावला आणि दोन्ही हातांनी जोर दिला. कुलूप तुटून त्याच्याच पायावर पडलं. त्याने स्विच वर केला. शेठनी नारळ वाढवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि शेठनी आधी एक नंबरचं आणि मग दोन नंबरचं बटण दाबलं.

काशिराम स्टोअरमधून मागच्या दाराने कधीच परत आला होता. त्याने चारही रबरं बसवली होती. झाकण लावायच्या आधी, सण आहे म्हणून, तो पंपाच्या पलीकडे गुडघ्यावर बसून कपलिंगला हळदकुंकू लावत होता. वरच्या पायरीवरून बघणाऱ्याला तो पंपाच्या धुडाआड दिसला नसता. बाराव्या पायरीवरून दिसला असता.

खालूबाजामुळे किंकाळी कोणाला ऐकू आली नाही. तुळशीरामला मात्र पंपाचा आवाज ऐकू आला. दोन सेकंदांत दोन नंबर एकदा अडखळला आणि पुन्हा मोकळा झाला. त्या अडखळण्याचा अर्थ त्या खोलीत फक्त त्यालाच कळला, आणि तो जिन्याकडे धावला तेव्हा शेठ त्याच्या मुलाच्या हातात पाकीट देत होते.

उजवा पंजा गेला. कळंबोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जे लोंबत होतं तेही मनगटापासून काढून टाकलं.

दुपारी कर्णिक साहेबांनी तुळशीरामला केबिनमध्ये बसवलं, स्वतः पाण्याचा ग्लास दिला आणि दार लावून घेतलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “नाना, दोन गोष्टी होऊ शकतात,” ते म्हणाले. “एक, कुलूप होतं आणि तुम्ही ते कापलं. मग पोलीस येतील, आणि खाली कोणी नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं तेही विचारतील. हृतिकचं नाव आलं की त्याचा कागद गेला, आणि तो कुठे बसेल ते मी सांगायला नको. दुसरी, कुलूप नव्हतंच. फिटरने हलगर्जीपणा केला. कंत्राटी माणसं करतातच.” मग म्हणाले, “कंपनी त्याला वाऱ्यावर सोडणार नाही. काहीतरी देऊच.”

हात दगडाखाली सापडलेला माणूस कसा विचार करतो ते तुळशीरामला त्या दिवशी कळलं. तो काशिरामचा विचार करतच नव्हता. ओल्या नसलेल्या बुटांचा करत होता. संध्याकाळी घरी जाताना त्याने स्कूटर कासाडीच्या पुलावर उभी केली, डब्याच्या पिशवीतून तुटलेलं कुलूप काढलं आणि जिथे कधीकाळी छाती पुढे काढून किल्ल्या फेकल्या होत्या तिथेच ते सोडून दिलं. या वेळी बघायला कोणी नव्हतं. घरी गुणाबाईने पेढे आणून ठेवले होते.

चौकशीला सरकारी अधिकारी आला तेव्हा काशिराम दवाखान्यातच होता. त्याच्या वतीने जनी आली. हिरवं नऊवारी लुगडं, डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. तिने पदराची गाठ सोडली आणि टेबलावर एक छोटी पितळी किल्ली ठेवली. तिला काळा करगोटा तसाच होता.

“त्यानी कुलूप लावला होता सायेब. ही त्याची किल्ली. दवाखान्यात करगोटा कापला तवा माज्या हातात दिली. नानांना इचारा. नानांनीच शिकवलाय त्याला.”

अधिकाऱ्याने किल्ली उचलून तुळशीरामच्या हातात दिली. “ओळखता?”

तुळशीरामच्या अंगठ्याखाली तीन खाचा आल्या. मधली जरा तिरकी होती. ती पाडताना कानस घसरली होती, आणि काशिराम हसून म्हणाला होता, असू दे नाना, वाकडी हाय म्हंजे माजीच. जनी त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत अजून संशय नव्हता. ती खात्रीने बघत होती, जसं माणूस देवळातल्या मूर्तीकडे बघतं. तेच त्याला सोसलं नाही, आणि म्हणूनच कदाचित त्याच्या तोंडून इतकं क्षुद्र वाक्य बाहेर पडलं.

“नाय सायेब,” किल्ली टेबलावर ठेवत तो म्हणाला. “सायकलीची आसंल.”

कर्णिक साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. अधिकाऱ्याने लिहून घेतलं. जनीने शिव्याशापही दिले नाहीत. तिने टेबलावरून किल्ली उचलली, पदराच्या टोकाला पुन्हा गाठ मारली, आणि दाराशी काढलेल्या चपला घालून गेली. फिटरने सुरक्षेचे नियम पाळले नाहीत, असा अहवाल झाला. कंपनीने काशिरामच्या घरी दिवाळीची मिठाई पाठवली. कंत्राटदाराने त्याचं नाव कापलं.

तुळशीराम दिवाळीनंतर निवृत्त झाला. शाल, श्रीफळ आणि घड्याळ मिळालं. कर्णिक साहेबांनी भाषणात सांगितलं की नानांच्या एकतीस वर्षांत पंपघरात कंपनीच्या एकाही माणसाला ओरखडा उठला नाही. काशिराम कंपनीचा नव्हताच, कंत्राटी होता. वाक्य अगदी खरं होतं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हृतिक पर्मनंट म्हणून पहिल्यांदा पंपघरावर जाणार होता. तुळशीरामने आपलं कुलूप तेल घालून पुसून ठेवलं होतं, एका खाचेच्या किल्लीसकट. ते त्याने मुलापुढे धरलं.

“ह्याचा काय करू?” हृतिक म्हणाला.

“हात घालाच्या आधी लाव. इसरू नको.”

हृतिक बुटाची नाडी बांधत होता. त्या दिवसापासून बापलेकांत त्या विषयावर एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. त्याने मान वर केली नाही. “काशीभाऊनी पन लावला होता,” तो म्हणाला. “माजा लावीन, पन वर कोन हाय? तुमी व्हतात तवा तुमीच कापलात. आता जो हाय त्यो त माजा कोन पन नाय.” मग उभा राहिला, कुलूप उचलून देवाच्या फळीवर त्या जुन्या मेमोशेजारी ठेवलं आणि गेला.

गुणाबाई म्हणाली, पोराला पहिल्याच दिवशी काय पिरपीर लावलीत. तुळशीराम तासभर घरात बसला. मग त्याने स्कूटर काढली आणि तळोज्याला गेला. गेटवरच्या वॉचमनने नमस्कार केला, पण आत सोडलं नाही. “नाना, तुमचा पास जमा झाला ना.” तेव्हा तो समोरच्या टपरीवर बाकड्यावर बसला. भिंतीपलीकडून दोन नंबरचं कण्हणं येत होतं. ते चालू होतं तोवर तो चहा पिऊ शकला.

मग हे रोजचंच झालं. हृतिकचं लग्न झालं, मोनाली घरात आली, गुणाबाई खूश होती. तुळशीराम मात्र सकाळी आठला टपरीवर हजर. पंप चालू असला की ठीक. पंप बंद पडला की त्याचा जीव खालीवर व्हायचा, कारण बंद पंपातच माणूस हात घालतो. आणि पंप पुन्हा चालू होईपर्यंत, आणि झाल्यावर तर जास्तच, त्याला कळायचं नाही की तो हृतिकने स्वतः चालू केला की वरून दुसऱ्या कोणी. पोरं म्हणायची, म्हाताऱ्याला पंपाशिवाय करमत नाही. प्रेम असावं तर असं.

फाल्गुनात एके दिवशी सकाळी दहाला दोन नंबर बंद पडला. आवाज उतरत उतरत गेला. तुळशीरामने कप खाली ठेवला. आदल्याच दिवशी जेवताना हृतिक म्हणाला होता की ग्लँड पुन्हा गळतेय. तो कान देऊन बसला होता, तेव्हा त्याच्यावर कोणाची तरी सावली पडली.

जनी होती. डोक्यावर मासळीची पाटी. काशिराम घरी बसल्यापासून ती इकडच्या नाक्यांवर सुकी मच्छी विकायला यायची, हे त्याने ऐकलं होतं आणि म्हणून नाक्याच्या बाजूने तो कधी यायचा नाही. तिने पाटी उतरवून बाकड्यावर ठेवली.

“काय ऐकताव, नाना?”

त्याने भिंतीकडे पाहिलं.

“पोऱ्या खाली हाय का?” तिने भिंतीकडे हनुवटीने दाखवलं. “काम करतंय?”

त्याने होकारार्थी मान हलवली. तिने पदराची गाठ सोडली. इतके महिने ती तिथेच होती. करगोट्यासकट किल्ली तिने त्याच्या कपाशेजारी ठेवली.

“घ्या. सायकलीची किल्ली,” जनी म्हणाली. “आमच्याकं सायकल कवाच नव्हती. तुमच्या पोऱ्याला लागंल.”

“जने, मी...” तुळशीराम म्हणाला, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे दोन नंबर चालू झाला.

तो ताडकन उभा राहिला. चहा सांडला. पंप एका दमात उठला की मध्ये अडखळला, ते त्याला कळलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कळलं नाही, कारण त्या क्षणी तो बोलत होता. तो डोळे मिटून ऐकायला लागला, पण आता पंप एकसारखा चालला होता, आणि एकसारखा चाललेला पंप मागचं काही सांगत नाही. जनी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला जे बघायचं होतं ते तिने सावकाश, पुरतं बघून घेतलं. मग पाटी डोक्यावर चढवली आणि सुकट, बोंबील अशी हाळी देत पुढच्या कंपनीच्या गेटकडे गेली.

त्याने हृतिकला फोन लावला. फोन वॉचमनच्या खोलीत, जमा केलेल्या फोनांच्या खोक्यात वाजत राहिला. रस्त्याच्या या बाजूलासुद्धा तो ऐकू येत होता. वॉचमन म्हणाला, नाना, काही झालं असतं तर भोंगा वाजला असता. खंडेनवमीला वाजला होता का, हे तुळशीरामने त्याला विचारलं नाही.

चारला पाळी सुटली. माणसं बाहेर पडायला लागली तसा तो गेटच्या लोखंडी पट्टीला धरून उभा राहिला आणि प्रत्येकाचे हात बघायला लागला. डबे धरलेले हात, विडी पेटवणारे हात. सगळ्यात शेवटी हृतिक आला. दोघा मित्रांशी हसत येत होता, आणि त्याचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते.

“हात भायर काढ,” तुळशीराम म्हणाला.

मित्र थांबले. “काय बाबा?” हृतिकचा चेहरा पडला.

“हात दाखव मना. दोनी.”

हृतिकने आजूबाजूला पाहिलं. सगळे बघत होते. त्याने दात आवळले, हात खिशातच ठेवले आणि बापाला वळसा घालून मोटारसायकलजवळ गेला. मग दोन्ही हातांनी गाडी स्टँडवरून काढली, किक मारली आणि मागे न बघता निघून गेला.

तुळशीराम बाकड्यावर परत आला. किल्ली तिथेच पडली होती. त्याने ती उचलली, अंगठा फिरवून मधली तिरकी खाच शोधली आणि करगोटा कमरेला बांधला. दुसऱ्या दिवशी आठला तो पुन्हा टपरीवर येऊन बसला.